चौसष्ट डावे

मास्तरांच्या तोंडी लागायचं नाही, हे त्या शिवणकारखान्यात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या तासाभरातच कळायचं. कात्री जागेवर नसली की शिवी, खडू तुटका मिळाला की शिवी, आणि कोणी नुसतं "मास्तर, आज बरं आहे ना?" असं विचारलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. पूर्वीही ते तिरसट होते, नाही असं नाही, पण तेव्हा त्या तिरसटपणाला काहीतरी कारण लागायचं. डोक्यातली गाठ काढली, त्यानंतर सहा आठवडे रोज डोक्याला किरण दिले, आणि तेव्हापासून कारणही लागेनासं झालं.

त्यांची बायको काज-बटणांच्या टेबलाशी बसायची. कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. चोवीस वर्षांचा संसार, त्यातली वीस वर्षं एकाच खोलीत नवऱ्याच्या डोळ्यांसमोर काम. दुसरी एखादी केव्हाच वेडी झाली असती. वहिनी वेडी झाली नव्हती, पण हल्ली तिच्याही जिभेला धार आली होती, आणि नवऱ्याचा खोकला ऐकला तरी तिच्या कपाळावर आठी पडायची.

तिसरा माणूस म्हणजे तिचा सख्खा भाऊ. घरात सगळ्यात लहान म्हणून त्याला धाकटा म्हणत, आणि चाळिशी उलटून टक्कल पडलं तरी तो धाकटाच राहिला. मास्तरांनीच त्याला पहिल्यांदा काजं करायला बसवलं, मग मशीनवर घेतलं, मग हातात कात्री दिली. आता कारखान्यात त्याची निम्मी भागी होती. एके काळी दोघं एका डब्यात जेवायचे. आता मास्तर कटिंगच्या टेबलावरून बायकोला म्हणायचे, "तुझ्या भावाला सांग, अस्तर आखूड आणलंय." भाऊ चार पावलांवर उभा असायचा. तो म्हणायचा, "ताई, त्यांना सांग, माप त्यांनीच दिलं होतं." वहिनी दोघांनाही काही सांगायची नाही. सुई ओवत बसायची आणि मनात दोघांनाही शिव्या घालायची.

त्या दिवशी सकाळी मास्तर आणि वहिनी आत आली, तर कटिंगच्या टेबलावर हिरवी मखमल आधीच पसरलेली होती आणि धाकटा खडू हातात घेऊन तिच्यावर वाकला होता.

"खडू ठेव खाली," मास्तर दारातूनच म्हणाले.

"भाऊजी, ही ऑर्डर मी कापतो. तुम्ही शाळेचे शर्ट घ्या."

"शाळेचे शर्ट तुझ्या बापाला कापायला सांग."

"बाप काढू नका. तो तुमचा सासरा होता."

"म्हणूनच सांगतोय. मला चांगला ठाऊक होता तो."

वहिनीने पिशवी खाली आपटली. "सकाळी सकाळी माझ्या मेलेल्या बापाला कशाला मध्ये घेता दोघं?"

ऑर्डर एका गायनमंडळाची होती. बत्तीस गाणारे, बत्तीस कोट, आणि मखमल त्या मंडळाने मुद्दाम रंगवून घेतलेली. तसाच रंग पुन्हा निघणार नाही, वाया घालवू नका, असं त्यांच्या सेक्रेटरीने तीनदा फोन करून बजावलं होतं. आठवड्याभरात धाकट्याचं रक्त आटलं होतं ते यामुळेच.

"गेल्या महिन्यात बाही दोन बोटं आखूड कापलीत," धाकटा म्हणाला. "त्याच्या आधी कॉलरचं माप मला विचारलंत, मी सांगितलं, पाच मिनिटांनी पुन्हा विचारलंत. लक्ष कुठे असतं तुमचं? स्कॅन स्वच्छ आला म्हणून तुम्हीच सगळ्यांना कागद दाखवत फिरलात ना? मग आता काय धाड भरलीय? माज आहे हा नुसता. म्हातारा झालो, आता मला कोण काय बोलणार, असला माज."

मास्तर हसले. वहिनीने ते हसू पाहिलं. धाकट्याने त्यांना माजोरडा म्हटलं की त्यांना बरं वाटतं, हे तिला ठाऊक होतं.

"आहेच माज," मास्तर म्हणाले. "हात बसलाय म्हणून आहे. तुझा कधी बसला नाही. आपण असं करू, कोटांचे पुढच्या बाजूचे भाग आज मी कापतो, बत्तीस डावे, बत्तीस उजवे. चौसष्टातला एक जरी चुकला, तर हे टेबल तुझं. मी परत कात्रीला हात लावणार नाही. आणि नाही चुकला तर या जन्मात माझ्या कामाबद्दल तोंड उघडायचं नाही. आहे कबूल?"

धाकट्याने बहिणीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? मी काय पंच आहे?"

"कबूल," तो म्हणाला, आणि खडू टेबलावर टाकून मशीनच्या खोलीत निघून गेला.

आता मास्तरांची कापायची रीत सांगायला हवी, कारण दुसरा कोणी अशा रीतीने कापत नसे. बाकीचे कटर कापड दुमडून पसरतात, म्हणजे एकदा कात्री फिरवली की डावा आणि उजवा भाग एकदमच निघतो. मास्तरांना हे कधी पटलं नाही. दुमडलेल्या कापडात खालचा थर सरकतो, असं त्यांचं म्हणणं. ते सगळे थर सुलट बाजू वर करून पसरायचे, सकाळभर डावे भाग कापायचे, मग पुठ्ठ्याचा पॅटर्न, म्हणजे ज्याच्या कडेने खडूची रेघ मारतात तो साचा, पालथा करायचा आणि दुपारभर उजवे. मखमलीला तर हीच रीत बरोबर, कारण तिची लव एकाच दिशेला पडावी लागते. शिवाय त्यांच्या पुठ्ठ्यावर एक अक्षर लिहिलेलं नसे. लिहिलं की कोणीही कापेल, असं त्यांच्या उस्तादाने त्यांना शिकवलं होतं. धाकट्याने एकदा ‘निदान डावा-उजवा तरी लिहा’ म्हटलं होतं. त्यावर मास्तर म्हणाले होते, "माझ्या चपलांवर पण लिही मग."

वीस वर्षं या रीतीत एक चूक झाली नव्हती. किरण संपले, त्यानंतर सहाएक महिने सगळं ठीक वाटलं, आणि मग एका दुपारी वहिनी डबा धुऊन परत आली तेव्हा पुठ्ठा सकाळच्याच बाजूने पडलेला होता आणि मास्तर खुशाल खडू घेऊन त्याच्याभोवती रेघ मारायला निघाले होते. तिने त्यांना चहा आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं आणि पुठ्ठा पालथा केला. ते परत आले आणि त्यांनी कापलं. त्यांना काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही.

त्याच आठवड्यात दवाखान्याची तारीख होती. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन दाखवला, गाठ परत आलेली नाही म्हणाल्या. मास्तर लगेच उठायला लागले. "बसा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. किरण गाठीवर सोडले तरी आसपासच्या चांगल्या मेंदूलाही ते लागतात, आणि त्याचा परिणाम कधी महिन्यांनी दिसतो, कधी वर्षांनी. माणूस जुनं काम विसरत नाही, हातही तसाच चालतो. पण विचाराचा वेग कमी होतो, आत्ता करायची गोष्ट आत्ताच निसटते, दोन गोष्टी एकदम डोक्यात धरता येत नाहीत, चिडचिड वाढते. सगळ्यांचं असं होत नाही, पण काहींचं होतं. एक चाचणी आहे, दोन तासांची. काय निसटतंय ते नीट कळलं तर त्यावर उपाय बसवता येतात: लिहून ठेवणं, खुणा करणं, एका वेळी एकच काम.

"चाचणी? म्हणजे चित्रं दाखवून विचारणार, हत्ती कुठला आणि घोडा कुठला?" मास्तर म्हणाले. "मी काय पहिलीत आहे?"

रस्त्यावर आल्यावर त्यांनी तिचा दंड धरला. इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं. "यातलं एक अक्षर तुझ्या भावाला कळता कामा नये. शपथ घे. त्याला मी माजोरडा वाटलो तर चालेल, हरामखोर वाटलो तरी चालेल. बिचारा वाटलो, तर त्या दिवसापासून मी कारखान्याची पायरी चढणार नाही."

तिने शपथ घेतली, आणि तेव्हाच तिला त्यांचा सगळा संताप नीट समजला. चिडलेल्या माणसाला कोणी पुन्हा प्रश्न विचारत नाही. कॉलरचं माप विसरलं की आरडाओरडा करायचा, म्हणजे समोरचा माप पुन्हा सांगून मोकळा होतो आणि विसरण्याचं नावही काढत नाही. समजलं म्हणून तिला ते सोसवत होतं असं मात्र नाही. शिव्या तिलाच खाव्या लागत होत्या. रात्री घरी गेल्यावर गॅस बंद केला की नाही यावरून भांडण, औषध घेतलं की नाही यावरून भांडण, आणि "तू मला वेड्यात काढतेस" हे रोजचं पालुपद.

तेव्हापासून अकरा महिने ती रोज पुठ्ठा पालथा करत होती. मास्तर जेवायच्या आधी हात धुवायला मागच्या नळावर जात, तेवढ्या दोन मिनिटांत. पहिले तीन-चार महिने ती आधी बघून खात्री करून घ्यायची, न जाणो आज त्यांनी केला असेल तर. कधीच केलेला नसायचा. मग ती बघेनाशी झाली. दाराची कडी लावताना कोणी कडीकडे बघतं का? तसा तिचा हात आपोआप पुठ्ठ्याकडे जाई.

त्या दिवशी सकाळी मास्तरांनी बत्तीस डावे कापले. आठ-आठ थर, चार वेळा. कात्री कशी चालत होती म्हणून सांगू, लोण्यातून सुरी जावी तशी. धाकटा दोनदा येऊन मागे उभा राहिला आणि परत गेला. वहिनी काजं करत होती आणि मनात म्हणत होती, हात आहे हो अजून, मेला हात तेवढा आहे. बारा वाजून गेल्यावर ती पुढच्या खोलीतून डबा आणायला गेली. परत आली तेव्हा मास्तर मागच्या नळाकडे निघाले होते. जाता जाता ते तिच्याकडे बघून म्हणाले, "आज बघच तू."

"काय बघू?"

"बघ म्हटलं ना. प्रत्येक गोष्टीत काय विचारतेस?"

ते नळावर गेले. तिने डबा ठेवला, टेबलाशी गेली, पुठ्ठा पालथा केला, आणि डबा उघडला.

जेवताना मास्तरांनी एकही खोड काढली नाही. दुपारी तर ते चक्क गुणगुणायला लागले. इतक्या महिन्यांत तिने त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं, आणि तिला त्याचा रागच आला. पैज जिंकणार म्हणून गुणगुणतोय हा माणूस, आणि जिंकवतंय कोण? अकरा महिन्यांत एकदा तरी ‘दमलीस का’ म्हणून विचारलं का यांनी? तिने दात ओठ खात एक काज जास्तच घट्ट ओढलं आणि ते चुरगळलं.

चारच्या सुमारास मास्तरांनी कात्री ठेवली. "बोलाव तुझ्या भावाला," ते म्हणाले.

धाकटा आला. सकाळच्या गठ्ठ्यातला एक भाग त्याने उचलला, दुपारच्या गठ्ठ्यातला एक उचलला, आणि दोन्हींच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवल्या. एकाचा गळा एकीकडे आला आणि दुसऱ्याचा भलतीकडे. त्याने दुसरी जोडी घेतली. मग तिसरी. मग दुपारच्या गठ्ठ्याच्या तळातला एक भाग ओढून काढला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चौसष्ट डावे," तो म्हणाला. "वा भाऊजी! बत्तीस गाणारे, आणि एकालाही उजवी बाजू नाही. आता त्यांना एका कुशीवर झोपून गायला सांगू."

मास्तर टेबलाशी आले. त्यांनी दोन भाग स्वतः लावून पाहिले. "नाही," ते म्हणाले. "मी पुठ्ठा पालथा केला होता."

"कधी केला होता?"

"जेवायच्या आधी. ही डबा आणायला गेली होती तेव्हा. सकाळपासून तेच डोक्यात धरून ठेवलं होतं मी. दुसरं काही आठवलंच नाही, तेवढंच धरून ठेवलं होतं. मला आठवतंय."

"तुम्हाला आठवतंय!" धाकटा ओरडला. "परवा टेप गळ्यात घालून अर्धा तास टेप शोधत होतात, आणि तुम्हाला आठवतंय! हा गठ्ठा काय खोटं बोलतोय? दोन महिने लागले ही ऑर्डर मिळवायला. तुमच्या एका माजापायी उद्या आपल्या दारात कोणी उभं राहणार नाही. बास झालं आता. कात्री द्या."

"मी केला होता!" मास्तरांचा आवाज चढला, पण मध्येच तो कुठेतरी अडकला. ते पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मग ते बायकोकडे वळले आणि त्यांनी जे विचारलं ते कोणालाच, अगदी तिलाही, गेल्या दीड वर्षात विचारलं नव्हतं. "केला होता ना गं मी?"

वहिनीच्या हातातली सुई तशीच राहिली. गप्प बसलं तर काय होईल ते तिला स्वच्छ दिसत होतं. मास्तर चुकले असं ठरेल, टेबल जाईल, आणि त्यांना वाटेल की आपण जे पक्कं धरून ठेवलं होतं तेही खोटंच निघालं. त्यानंतर ते स्वतःच्या कुठल्याच आठवणीवर विश्वास ठेवणार नाहीत. आणि बोललं तर अकरा महिने उघडे पडतील. शपथ मोडेल ती वेगळीच. गप्प बसणं किती सोपं होतं! अकरा महिने तिने तेच तर केलं होतं.

"केला होता," ती म्हणाली. "यांनी केला होता पालथा. मी परत सुलट केला."

"तू?" धाकटा म्हणाला. "तू कशाला हात लावलास पुठ्ठ्याला?"

"मी रोज लावते."

मग ती थांबली नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते सगळं तिने सांगून टाकलं. किरणांचं, वेगाचं, न केलेल्या चाचणीचं. सांगताना ती भावाकडेच बघत होती, नवऱ्याकडे बघायची तिची छाती झाली नाही. धाकटा आधी ऐकत होता, मग त्याचा चेहरा बदलला, पण तिला वाटलं होतं तसा नाही.

"आणि मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला. "एक वर्ष मी यांना नाही नाही ते बोललो. सगळ्यांसमोर बोललो. आजारी माणसाला! आणि तू काजं करत ऐकत बसलीस. मला काय राक्षस समजलात का गं दोघांनी? यांना सांगायची लाज वाटत होती, ठीक आहे. पण तू माझी बहीण ना? मला असं नीच व्हायला सोडलंस तू?"

"आजारी कोणाला म्हणतोस रे?" मास्तर म्हणाले. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

"तुम्हाला म्हणतोय! आणि आता ओरडून काही उपयोग नाही, आता मला कळलंय!" धाकट्याने दारावर थाप मारली आणि तो मशीनच्या खोलीत गेला. तिकडच्या मशीन एकेक करून बंद झाल्या. सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

टेबलापाशी दोघंच उरली. मास्तरांनी स्टूल ओढलं आणि बसले. मखमलीवर त्यांचा हात लवेच्या दिशेने फिरला, मग उलटा, मग परत लवेच्या दिशेने.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"किती दिवस?"

"अकरा महिने."

"एक दिवसही मी केला नव्हता?"

तिला खोटं बोलायचं होतं. चार-पाच वेळा केला होता, असं म्हणता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "मी बघायचे तोवर तरी नाही."

"आज केला."

"हो. आज केलात."

त्यांनी मान हलवली, दोनदा, जणू काही हिशेब जुळला असावा. तिला वाटलं, आता ते शिवी देतील. ती शिवी आपल्या वाट्याचीच आहे असं तिला वाटत होतं आणि ती घ्यायला ती तयार उभी होती.

"हात लावायच्या आधी बघितलं का नाहीस?" ते म्हणाले. "तुला बघता येतं. गळा कुठे आहे, खांदा कुठे आहे, एक नजर टाकली असतीस तरी कळलं असतं. का नाही बघितलंस?"

डोळ्यांना पदर लावावा, माफी मागावी, घाई होती म्हणावं, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. पण आता एकदा खरं बोलायला तोंड उघडलं होतं आणि ते तिला मिटता येईना.

"तुमच्या लक्षात राहील असं मला वाटलंच नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग खाली मखमलीकडे पाहिलं. एवढे महिने तिने मनोमन त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून प्रार्थना केली होती, आणि आता ते ओरडतील म्हणून ती वाट बघत उभी राहिली. ते ओरडले नाहीत.